सौर बंब

सौर बंब म्हणजे उन्हावर अंघोळीचं पाणी तापवून ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम ठेवणारं गच्चीवरचं साधन. सरकारी कागदात 'सौर जलतापक', बोलताना नुसतं 'सोलर'. महाराष्ट्रात हे एकदम आलं नाही, आधी चुलाण्यावरचा हंडा, मग जळणाचा तांब्याचा बंब, मग रॉड आणि गीझर, आणि मग सोलर, अशी वाट आहे (काही घरांत अजूनही यातले तीन प्रकार एकत्र नांदतात), म्हणून या नोंदीत जुन्या बंबाबद्दलही बरंच आलंय.

आधी शब्द. 'बंब' मराठीत दोन गोष्टींना म्हणतात, आग विझवायचा तो आणि पाणी तापवायचा तो, म्हणजे दोन्ही कामं तशी उलटीच. सर्वमान्य व्युत्पत्ती पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप यावरून. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हिंदुस्थानी 'बंबा' याच शब्दावरून दिलाय, आणि १६३१ च्या एका मलय शब्दसंग्रहात पाणी ओढायचं यंत्र या अर्थानं 'बोंबा' असल्याचा दाखलाही तिथे आहे. दुसरं मत हिंदी-उर्दू कोशांमधलं, अरबी 'मंबा' म्हणजे झरा, उगम, त्यावरून बंबा. अर्थाच्या दृष्टीनं हे मत वाटतं तितकं टाकाऊ नाही, कारण उत्तरेत बंबा म्हणजे नळ, कालव्याचा फाटा असेही अर्थ आहेत. पण मराठीपुरतं बघितलं तर न्हाणीतली 'बालदी' (बाल्दे) आणि 'घमेलं' (गामेला) हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत, पोर्तुगीजमध्ये आग विझवणाऱ्यांना आजही 'बोंबेइरो' म्हणतात, तेव्हा पहिल्या मताकडे झुकतं माप द्यावं लागतं. खरी अडचण पुढेच आहे, पंपाचा शब्द पाणी तापवायच्या भांड्याला कसा चिकटला? गोव्यात न्हाणीतल्या तांब्याच्या मोठ्या भांड्याला 'भाण' म्हणतात, बंब नाही, म्हणजे शब्द आणि वस्तू एकाच बोटीतून उतरले असं धरता येत नाही. जास्त पटणारा अंदाज असा की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणारे आगीचे बंब आले, त्यांचा उभा गोल बॉयलर आणि वर धुराडं असायचं, आणि तांबटाच्या दुकानातलं धुराड्याचं भांडं अगदी तसंच दिसायचं, त्यावरून नाव पडलं असावं. भांड्याचा घाट मात्र समोवरसारखा (रशियातलं चहाचं पाणी तापवायचं भांडं) आहे, मधे जाळायची नळी आणि भोवती पाणी, त्यामुळे तोही धागा सोडून देता येत नाही.

जुना बंब रचनेनं साधा पण डोकं लावून केलेला. बाहेर तांब्याचं (कधी पितळेचं) पिंप, मधून वरपर्यंत गेलेली नळी, खाली जाळी आणि राखेची जागा. नळीत ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे, जे हाताशी असेल ते वरून टाकायचं. एका प्रकारात खाली तोटी असते. दुसऱ्या प्रकारात तोटीच नसते, नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते आतून तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोंडातून बादलीत पडतं. एक बादली द्या, एक बादली घ्या. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि गार खाली बसतं, हे तत्त्व इथे आहे तेच पुढे सोलरच्या टाकीत आहे, त्यामुळे जुन्या बाईमाणसांना सोलर समजावून सांगायला फार वेळ लागत नाही असा अनुभव आहे. पुण्यात कसब्यातली तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध. बंब चिंचेनं घासायचा, आत क्षार धरला की ठोकून काढायचा. मात्र धूर, भल्या पहाटे उठून पेटवायचं काम आणि जळण गोळा करणं, हे सगळं बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला आलं, आणि बंब जाण्यामागे हे कारण विजेच्या सोयीइतकंच मोठं आहे असं प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटतं.

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते हा हिशोब ठरलेला आहे, साधन कुठलंही असो. १ लिटर पाणी १ अंश वाढवायला १ किलोकॅलरी, आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे १ युनिट वीज. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला ५०० किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम ०.६ युनिट. १५०० वॉटचा रॉड हे काम २३-२४ मिनिटांत करतो. चौघांच्या घरी रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला साधारण ७० युनिट, वर गीझर रात्रंदिवस चालू ठेवला तर टाकीतून झिरपणारी उष्णता वेगळीच (गीझरवरचे वीजबचतीचे तारे मुख्यतः याच झिरपण्यावर दिलेले असतात, पाणी किती लवकर तापतं यावर नाही, हे दुकानात फारसं कोणी सांगत नाही). महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटला दर बदलतो, त्यामुळे हे ७० युनिट वरच्या टप्प्यातले असतील तर फरक चांगलाच जाणवतो. गॅस गीझर विजेचं बिल वाचवतो पण बंद बाथरूममध्ये तो जिवाला धोका आहे, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि अंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो. बसवायचाच तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत.

उन्हावर पाणी तापवायच्या साधनाचा मान कोणाला द्यायचा यावरही दोन मतं आहेत. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यांनी १८९१ मध्ये 'क्लायमॅक्स' नावाच्या साधनाचं पेटंट घेतलं, काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत, आणि घरगुती विक्रीचा पहिला मान बहुतेक ठिकाणी त्यांनाच दिला जातो. पण ते पाणी रात्रीत गार व्हायचं. कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९ च्या सुमारास पाणी तापायची जागा आणि साठवायची टाकी वेगळी केली, टाकी वर ठेवून तिला आवरण घातलं, आणि पाणी सकाळपर्यंत टिकायला लागलं, कंपनीचं नावच 'डे अँड नाईट'. आज आपल्या गच्चीवर जे दिसतं त्याचा खरा पूर्वज बेलींचाच म्हटला पाहिजे. त्याच्याही आधी स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेची 'गरम पेटी' करून बघितली होती, पण तो प्रयोग होता. इस्रायलमध्ये हॅरी टेबर यांनी १९५० च्या दशकात ऊन शोषणारा पण उष्णता बाहेर न सोडणारा खास काळा लेप तयार केला, आणि १९८० मध्ये तिथे नव्या घरांना सोलर सक्तीचं झालं. भारतात २०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर सौरतापकाचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

प्रकार दोन. सपाट पॅनेलचा (एफपीसी) आणि काचनळ्यांचा (ईटीसी). पहिल्यात काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्या असतात, १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर पॅनेल. टिकाऊ, पण बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतो आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. दुसऱ्यात काचेच्या दुहेरी नळ्या, मधे निर्वात, म्हणजे थर्मासच. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये केलेली थर्मासची युक्तीच इथे उन्हाला लावलीय, चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात १९८० च्या दशकात यावरचा लेप विकसित झाला आणि नंतर तिथून या नळ्या जगभर स्वस्त झाल्या. नळीच्या बंद टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. नळीला बारीक चीर जाऊन हवा शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा पडतो. पाणी गरम येत नसेल तर मेकॅनिक बोलवायच्या आधी गच्चीवर जाऊन नळ्यांची टोकं बघावीत, पांढरं टोक दिसलं तर ती नळी गेली, एवढीच बदलायची. आणि टाकी रिकामी पडून नळ्या भर दुपारी कोरड्या तापलेल्या असताना पाणी सोडू नये, काच तडकते, संध्याकाळी किंवा पहाटे भरावं.

बसवणं हा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि चांगलं सोलर बदनाम होतं ते इथेच. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्याकडे १८-१९ अक्षांशाला थंडीत जास्त ऊन मिळावं म्हणून उतार ३० अंशांच्या आसपास. सपाट पॅनेलच्या बंबात गरम टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा उंच हवा, नाहीतर रात्री पाणी उलटं फिरून गार होतं. गार पाण्याची टाकी त्याहून उंच, म्हणजे जुन्या बंगल्यांत बऱ्याचदा टाकी उचलून घ्यावी लागते आणि तो खर्च कोटेशनमध्ये नसतो. व्हेंटची नळी कधीही बंद करू नये, वाफेला आणि हवेला तीच वाट आहे. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाइप. पाऊण इंची पाइपमध्ये दर मीटरला साधारण ०.३ लिटर पाणी मावतं, गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मीटर असेल तर आधी ६ लिटर गार पाणी येणार, आणि प्रत्येक जण थोड्या थोड्या वेळानं अंघोळीला गेला तर प्रत्येक वेळी येणार. आमच्याकडे सुरुवातीला तेच झालं, सोलर लागलं आणि पाण्याचा नास वाढला, आईनं मग नळाखाली कायमची एक बालदी ठेवली आणि ते पाणी विसणाला घ्यायला लागली. (विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी, काही भागांत इसाण.) पाइपला आवरण घालणं, बाथरूमच्या जवळ टाकी घेणं आणि अंघोळी ओळीनं उरकणं, या तीन गोष्टींनी हा प्रश्न बराचसा सुटतो. बंब न्हाणीच्या दारात असायचा हे विसरून चालत नाही.

पावसाळ्यात काय, हा प्रश्न नेहमी येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढग असले की पाणी कोमटच राहतं, त्यासाठी टाकीत विजेची कॉइल असते. ती टायमरवर पहाटेपुरती लावावी, सतत चालू राहिली तर सूर्याला कामच उरत नाही आणि वर्षाच्या शेवटी बिल बघून माणूस सोलरलाच दोष देतो.

हीट पंप हा नवा पर्याय. फ्रिज उलटा धरल्यासारखा, हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो आणि १ युनिट विजेत साधारण ३ युनिटइतकी उष्णता देतो. मुंबई-कोकणच्या उबदार दमट हवेत तो चांगला चालतो, फ्लॅटमध्ये गच्चीवर हक्क नसेल तरी बसतो, पण किंमत जास्त आणि थोडा आवाज करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गच्चीवर वीज करणाऱ्या पॅनेलसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, त्यानंतर गच्चीवर विजेचं सोलर की पाण्याचं सोलर असा वाद घरोघरी आहे. विजेचं पॅनेल उन्हाची २० टक्क्यांच्या आसपास वीज करतं, पाण्याचं त्याच उन्हातली अर्धी किंवा जास्त उष्णता पकडतं, तेव्हा साध्या गीझरसाठी विजेचं पॅनेल लावणं म्हणजे जागेची उधळण. मात्र त्या विजेवर हीट पंप चालवला तर तिपटीचा फायदा मिळून दोन्ही जवळपास सारखे येतात, आणि उरलेली वीज पंख्याला-फ्रिजला चालते. जागा पुरेशी असेल तर हा दुसरा मार्ग सरस, जागा आणि पैसे दोन्ही बेताचे असतील तर साधा सौर बंब.

पुण्यात महापालिका चालू स्थितीतल्या सोलरसाठी मिळकतकरात सवलत देते. सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे ठराव आधी, काम नंतर.

आकार ठरवताना सणाचा दिवस धरावा. १०० लिटर पाणी ६० अंशांवर असेल तर विसण घालून कागदावर २० लिटरच्या आठ बादल्या होतात, प्रत्यक्षात सहा-सात, कारण वापर सुरू झाला की खालून गार पाणी शिरून मिसळत जातं. चौघांना हे रोज पुरून उरतं. पण नरक चतुर्दशीला उटणं लावून सगळ्या अंघोळी सूर्य उगवायच्या आत होतात, म्हणजे ते पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाचं, आणि घरात पाहुणे धरून दहा-बारा जण. अशा वेळी आदल्या रात्री धुणी-भांड्यांना सोलरचा नळ उघडू नये, आणि पहाटे तीनला तासभर कॉइल लावून ठेवावी.