मुंबई ते लंडन : अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. त्यात फरक पडायचं कारण नाही. वेळेचं गणित मात्र दर पिढीला बदलत आलं आहे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावरही बोटीने विलायत गाठायला दोन-तीन आठवडे जात. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची लंडन-कराची सेवा सुरू झाली आणि प्रवास सात दिवसांवर आला. तोही सलग विमानाने नव्हे. आधी स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान, तिथून इटलीतल्या जिनोआपर्यंत चक्क रेल्वे, मग भूमध्य समुद्र ओलांडायला पाण्यावर उतरणारं विमान आणि इजिप्तहून पुढे आणखी वेगळं. मुंबईला तर यातलं काहीच येत नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा स्वतः पस मॉथ हे छोटं विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा कुठे मुंबई या मार्गाला जोडली गेली. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. आता हिशेब दिवसांचा नव्हे, तासांचा झाला. पण थांब्यांची किंमत होती. जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सच्या जवळून जाणं आलं. हेच विमान नोव्हेंबर १९५० मध्ये माँ ब्लाँवर आदळलं आणि ४८ जण गेले. १९६६ च्या जानेवारीत एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ नावाचं विमान त्याच पर्वतावर कोसळलं. ते मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन असं न्यूयॉर्कला जाणारं विमान होतं, आणि होमी भाभा त्यात होते. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी छापलेली त्यातली वर्तमानपत्रं २०२० मध्ये वितळत्या हिमनदीतून वर आली.

खरी उडी मारली ती १९६० मध्ये आलेल्या बोइंग ७०७ ने. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असलेला वेग नऊशेच्या घरात गेला. त्यानंतर वेग जवळपास तिथेच थांबला आहे. पुढे वाचले ते थांब्यांचे तास. आज थेट विमानाला साधारण नऊ-दहा तास लागतात. तिकिटावर मात्र दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेपाचला पोहोचल्याचं दिसतं. हिवाळ्यातला साडेपाच तासांचा फरक घड्याळ परस्पर खाऊन टाकतं. जाताना पश्चिमेचे जोराचे वारे समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर आटोपतो.

मुंबई ते लंडन ही सर्वांत जवळची रेषा पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, दक्षिण रशिया, युक्रेन अशी जाते. यातलं युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय विमानं मग अरबी समुद्रावरून आखाताकडे वळली. वळसा जास्त, इंधन जास्त, तासही जास्त.