विंटरराइझे : स्वरपट्टी, लय व भाव

विंटरराइझे (हिवाळी प्रवास) ही ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्ट्स शूबर्ट (1797–1828) याने एक गायक व पियानो यांच्यासाठी रचलेली 24 गीतांची मालिका (डी. 911, म्हणजे शूबर्टच्या रचनांच्या डॉइच सूचीतील क्रमांक). काव्य जर्मन कवी विल्हेल्म म्यूलर (1794–1827) याचे आहे. पहिल्या 12 गीतांच्या हस्तलिखितावर फेब्रुवारी 1827 असा निर्देश आहे, तर उरलेल्या 12 गीतांच्या हस्तलिखितावर ऑक्टोबर 1827 असा. व्हिएन्नाचा प्रकाशक टोबियास हास्लिंगर याने पहिला भाग जानेवारी 1828 मध्ये छापला. दुसरा भाग डिसेंबरमध्ये निघाला, तोवर शूबर्टचे निधन झाले होते.

हिंदुस्थानी संगीतात गायक आपल्या आवाजानुसार षड्ज लावतो. शूबर्टच्या गीतात मात्र पट्टी संगीतकाराने लिहिलेली असते आणि शेजारच्या गीतांशी तिचे नाते असते. त्यामुळे ‘मूळ पट्टी’ कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या मालिकेत त्याचे उत्तर सरळ नाही, कारण पाच गीतांच्या हस्तलिखितातील पट्ट्या छापील आवृत्तीत बदललेल्या आहेत. (पट्टीच्या नावातील ए, बी, सी इत्यादी अक्षर आधारस्वर दाखवते; मेजर म्हणजे शुद्ध गंधाराची, तर मायनर म्हणजे कोमल गंधाराची स्वररचना.) ‘वासरफ्लूट’ (पूर) एफ शार्प मायनरमधून ई मायनरमध्ये आले, ‘रास्ट’ (विसावा) डी मायनरमधून सी मायनरमध्ये, ‘आइनझामकाइट’ (एकाकीपण) डी मायनरमधून बी मायनरमध्ये, ‘मूट’ (धैर्य) ए मायनरमधून जी मायनरमध्ये आणि अखेरचे ‘देअर लायरमान’ (रस्त्यावरचा वादक) बी मायनरमधून ए मायनरमध्ये.

या बदलांची कारणे अभ्यासक निरनिराळी सांगतात. ‘वासरफ्लूट’ व ‘रास्ट’ यांत हस्तलिखिताप्रमाणे गायकाला तार सप्तकातील ए या स्वरापर्यंत जावे लागे. छापील पट्टीत ही मर्यादा जी या स्वरावर येते, तेव्हा गाणाऱ्यांची सोय हे कारण येथे पटते. ‘आइनझामकाइट’ची गोष्ट वेगळी असावी. शूबर्टच्या हाती प्रथम 12 कविताच आल्या होत्या आणि बाराव्या गीताखाली त्याने ‘समाप्त’ अशा अर्थाची खूण केली होती. पहिले गीत डी मायनर, बारावेही डी मायनर, असे वर्तुळ तेथे पूर्ण होत होते. पुढे मालिका वाढली व ते वर्तुळ मोडणे भाग पडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शेवटच्या दोन बदलांमागे प्रकाशकाचा आग्रह असावा, असेही काही जण मानतात. कारण काहीही असो, छापील क्रमात ए मेजरमधील ‘नेबनझॉनेन’ (आभासी सूर्य) संपताच ‘लायरमान’ त्याच आधारस्वरावर मायनरमध्ये सुरू होते. हा परिणाम इतका भेदक आहे की छापील पट्टीला निव्वळ तडजोड म्हणवत नाही.

लयीबाबत पुरावा कमी आहे. शूबर्टच्याच ‘एर्लक्योनिग’ या 1815 मधील गीताच्या छापील आवृत्तीत मेट्रोनोमचा (मिनिटाला किती ठोके हे दाखवणाऱ्या यंत्राचा) 152 हा अंक आहे. विंटरराइझेत असे अंक नाहीत, केवळ शब्दांतील सूचना आहेत. ‘गूटे नाख्ट’ (शुभ रात्री) या पहिल्या गीतावर हस्तलिखितात ‘मध्यम, चालत्या गतीने’ अशा आशयाची सूचना असून छापताना ‘मध्यम’ एवढेच राहिले. पियानोतील अखंड समान स्वर पावलांची चाल धरतात. हे लक्षात घेता फार विलंबित लय मूळ हेतूपासून दूर जाते, असे वाटते.

‘वासरफ्लूट’मधील एक तपशील विशेष वादाचा आहे. पियानोवादकाचा उजवा हात मात्रेचे तीन समान भाग वाजवतो, त्याच वेळी डाव्या हाताला तीनास एक असे विषम भाग लिहिलेले आहेत. डाव्या हाताचा आखूड स्वर उजव्या हाताच्या तिसऱ्या स्वरासोबत वाजवला, तर प्रमाण दोनास एक होते व चाल सलग होते. अक्षरशः वाजवला, तर तो किंचित मागून येतो आणि लय लंगडते. ही लंगडी चाल थकलेल्या वाटसरूला शोभते, असे एका पक्षाचे म्हणणे. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल याने मात्र पहिल्या, म्हणजे सलग चालीच्या, पद्धतीचा पुरस्कार केला आहे. हस्तलिखितात व पहिल्या आवृत्तीत हे दोन स्वर एकाखाली एक मांडलेले असल्याने पुराव्याचा कल तिकडेच दिसतो.

ध्वनिमुद्रणाने या प्रश्नांत भर घातली. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची असे. पाच-सहा मिनिटांचे ‘गूटे नाख्ट’ तीत बसवायचे, तर लय वाढवणे, कडवे गाळणे किंवा गीत दोन बाजूंवर विभागणे एवढेच मार्ग होते. शिवाय तबकडी ठरलेल्या वेगाऐवजी मिनिटाला सुमारे साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी फिरली, की स्वर अर्ध्या सुराने उतरतो आणि लयही त्याच प्रमाणात मंदावते. त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून गायकाची पट्टी किंवा लय ठरवताना आधी तबकडीचा वेग तपासावा लागतो.

छापील पट्ट्या उंच आवाजाला सोयीच्या आहेत. बॅरिटोन (मध्यम) व बास (खर्जाच्या) आवाजाचे पुरुष गायक त्या उतरवतात. प्रत्येक गीत वेगवेगळ्या अंतराने उतरवले, तर ‘नेबनझॉनेन’–‘लायरमान’ यांसारखी नाती तुटतात. फार खाली गेल्यास ‘लायरमान’मध्ये डाव्या हातात सतत घुमणारे पंचमाचे जोडस्वरही गढूळ होतात. गेरहार्ड ह्यूश (1933), हान्स हॉटर (जेराल्ड मूर याच्या साथीने, 1954) आणि ही मालिका अनेकदा ध्वनिमुद्रित करणारा डीट्रिख फिशर-डीस्काउ हे या आवाजांचे प्रमुख प्रतिनिधी. टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) पीटर श्रायर व पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांच्या 1985 मधील ड्रेस्डेन येथील ध्वनिमुद्रणात ‘गूटे नाख्ट’ कमालीचे विलंबित आहे. वर मांडलेल्या मताला ते धरून नाही, तरी त्यातील एकाग्रता असामान्य आहे.

24 पैकी 16 गीते मायनरमध्ये आहेत. मेजर पट्टी बहुधा स्वप्न, आठवण वा भ्रम यांच्यासाठी येते. ‘गूटे नाख्ट’च्या शेवटच्या कडव्यात ती झोपलेल्या प्रेयसीचा निरोप घेताना येते. शूबर्टचा मित्र योझेफ फॉन श्पाउन याच्या, बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या, आठवणींनुसार ही गीते प्रथम ऐकताना मित्रमंडळी त्यांतील विषण्णतेने गोंधळली आणि फ्रान्ट्स फॉन शोबर याला त्यांपैकी ‘देअर लिंडेनबाउम’ (लिंडेन वृक्ष) हे एकच आवडले.

स्त्री गायिकांपैकी लोट्टे लेमान हिने 1940–41 मध्ये, तर क्रिस्टा लुडविग व ब्रिगिटे फासबेंडर यांनी 1980 नंतरच्या दशकात ही मालिका ध्वनिमुद्रित केली. हान्स त्सेंडर याने 1993 मध्ये तिचे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले.