बाहेरच्या घोड्यांची (हॅमरची) जुनी दुनळी बंदूक दाखवायला आणताय? आधी हे वाचा

“आजोबांची नक्षीची दुनळी आहे, पट्टीवर लंडन लिहिलंय, किती येतील?” असा फोन आला की आम्ही सांगतो, दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव राहू द्या, आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते डोळ्यांनी बघा, मग नळ्या उतरवून खालच्या बाजूचा फोटो पाठवा. नाव कुणालाही कोरता येतं, आणि त्या काळात कोरलंही, बेल्जियमच्या लीजमधल्या कितीतरी स्वस्त बंदुका इंग्लिश वाटणारी नावं घालून जगभर विकल्या गेल्यात.

खरी जन्मपत्रिका म्हणजे नळीखालचे प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के. मुकुट आणि जी पी ही गुंफलेली अक्षरं म्हणजे लंडन, मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड म्हणजे बर्मिंगहॅम (तिथलं प्रूफ हाऊस 1813 च्या कायद्याने झालं), आणि अंडाकृतीत ई एल जी दिसलं तर लीज. नाव लंडनचं आणि शिक्के बर्मिंगहॅमचे निघाले तर घाबरू नका, लंडनचे बरेच दुकानदार माल बर्मिंगहॅमहून बनवून घ्यायचे, ती बनावट होत नाही. साल पण इथेच सापडतं. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असेल तर 1875 ते 1887 मधली, चौकटच्या पत्त्यासारख्या खुणेत 12 आणि सी असेल तर 1887 किंवा नंतरची.

बारा बोअर म्हणून घेतली आणि खाली 13 का, हे बरेच जण विचारतात. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या की एकीचा व्यास 0.729 इंच येतो, तो झाला बारा बोअर, आणि 13 म्हणजे 0.710. तेव्हा बारा बोअरचं काडतूस घेणाऱ्या नळ्या आतून थोड्या बारीक ठेवायचे, त्यामुळे 13 असणं चांगलंच, पण शिक्का 13 चा आणि आज नळी आतून मोजायचं आमचं गेज 0.729 दाखवतंय तर कुणीतरी गंज काढायला नळी आतून घासून मोठी केलीय, भिंत पातळ झालीय, दर्जा तिथेच खाली येतो.

आता नक्षी. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जीव इथेच अडकतो. चांगल्या इंग्लिश कामात बारीक वेलबुट्टी आणि मधे गुलाबाचे गुच्छ असतात, साध्या बंदुकीला फक्त काठाने किनार. भिंगातून स्क्रूचं डोकं बघा, नक्षीची रेघ लॉकच्या (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पत्र्यावरून स्क्रूवर चढून पलीकडे न तुटता गेली पाहिजे आणि स्क्रूच्या खाचा नळीच्या दिशेने एका रांगेत पाहिजेत. नसल्या तर स्क्रू बदललेत किंवा कुणीतरी जाड पेचकस चालवलाय. हाताळून झिजलेली नक्षी कडांना आणि चापाच्या कमानीवर झिजते, सपाट मधल्या भागात टिकते. सगळीकडे सारखीच गुळगुळीत दिसली तर ती बफ मारलेली, आणि खोल टोकदार रेघा झिजलेल्या कडांशेजारी दिसल्या तर नंतर परत कोरलेली. घोड्यांच्या मागे, जिथे बोट पोचत नाही तिथे, निळा-तपकिरी मूळ रंग थोडा जरी उरला असेल तर आम्हाला फार आनंद होतो.

एकाने मागे बंदूक आणली, सुंदर गुलाबाची नक्षी असणार होती, पण आणायच्या आदल्या दिवशी जवळच्या वर्कशॉपमध्ये चकाचक करून घेतलेली. दीडशे वर्षांचं काम एका दुपारी गेलं, फार वाईट वाटलं. म्हणून कळकळीने सांगतो, पॉलिश, ब्रासो, सँडपेपर काही लावू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि बस.

नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते ती दमास्कस, लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून बनवलेली. काही स्वस्त नळ्यांवर ती नुसती वरून उठवलेली असते. अशा नळ्यांत आजचं बिनधुराच्या दारूचं काडतूस, अगदी खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं सुद्धा, स्वतःच्या मनाने घालू नका, ‘नायट्रो प्रूफ’चे, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचे, शिक्के 1896 पासूनचे, तुमच्या बंदुकीवर ते बहुतेक नसणारच.

आम्ही दोन दर्जे वेगळे लिहून देतो, बनवली तेव्हा किती वरची होती आणि आज त्यातलं मूळ किती उरलंय. साधी किनारवाली पण नळ्या, बॉडी आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर एकच नंबर असलेली बंदूक आमच्या मते भरपूर कोरलेल्या पण बफ मारलेल्या बंदुकीपेक्षा वरची. जुनी पेटी असेल तर ती पण आणा, आतलं कागदी लेबल फार बोलतं, कलकत्त्याच्या मँटन या बंदूकवाल्यांचं किंवा आर्मी अँड नेव्ही या ब्रिटिश दुकानाचं (त्यांचं मुंबईचं दुकान 1891 चं) लेबल असेल तर बंदूक कुठून विकली गेली याचा धागा मिळतो.

कायद्याचं थोडक्यात. काडतूस घेणारी, चालू शकणारी किंवा दुरुस्त करून चालेल अशी बंदूक कितीही जुनी असली तरी लायसन लागतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका माणसाला दोनच, वारशाच्या धरून. शंभर वर्षांवरची असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशात विकायचा विचार पण करू नका. लायसनवर नोंद नसेल तर बंदूक घेऊन निघू नका, आधी वकिलाशी बोलून पोलीस स्टेशनचं काम करा, आम्ही तोवर थांबतो.