एमसीबी सारखी पडते? मोठी बसवू नका

नाशकात थंडी सुरू झाली की आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते: "गिझर लावला की एमसीबी पडते, जरा मोठी द्या." आम्ही देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, कधी दुसरीकडून घेतं. म्हणून हे पत्रक.

एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारं बटण. ती गिझर सांभाळायला नसते, भिंतीतली वायर सांभाळायला असते. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो. सहा अँपिअरच्या पॉइंटला बहुधा एक किंवा दीड एमएमची वायर असते. तिथे 32 ची एमसीबी टाकली तर पडायची थांबेल, पण लोड वाढला की वायर पाइपात गुपचूप तापत राहील. 16 चा प्लग कन्व्हर्टर लावून सहाच्या सॉकेटात खुपसणं हाही तोच प्रकार. गिझरला अडीच किंवा चार एमएमची वेगळी लाइन लागते. खर्च आहे, पण तो टाळू नका.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातल्या आजी महिनाभर सांगत होत्या, "घरात मासळीचा वास येतोय." घर शाकाहारी, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. आम्ही सॉकेट उघडलं. बाहेरून नुसता पिवळट डाग. आत स्क्रू ढिला, वायरचं वेष्टन बोट लावताच गळून पडलं. मागे सागवानी खांब. तापलेल्या प्लॅस्टिकला कधीकधी असाच वास येतो. गिझर किंवा हीटर चालवून झाला की बटण बंद करून प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर तो पॉइंट वापरू नका, आम्हाला बोलवा.

सिलिंडरच्या गॅसचं थोडक्यात. वास आला तर लाइटचं बटण चालू नको, बंदही नको. ठिणगी दोन्हीकडे पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 ला फोन लावा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच नाही. गॅस बंद करून वर झाकण. आग आवरेना तर घराबाहेर पडा आणि 101.

देवघरातली पेटती वात उंदीर ओढून नेतो, हे खोटं नाही. झोपण्यापूर्वी समई शांत करा.

आणि हे पत्रक मीटरच्या पेटीत ठेवू नका. तिथे आधीच जुनी बिलं कोंबलेली असतील, तीही काढा.