घर पाडताना आणि बांधताना शेजाऱ्यांची काळजी : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे येणारी बहुतेक कामे गावठाणातील जुन्या मातीच्या घरांची असतात. कवेलू उतरवून, भिंती पाडून त्याच जागी स्लॅबचे घर उभे करायचे असते, आणि दोन्ही बाजूंची घरेही तेवढीच जुनी, पुष्कळदा एकाच भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे शेजाऱ्यांना किती त्रास होईल, हे बरेचसे पहिली कुदळ पडण्यापूर्वीच ठरते.

काम ठरल्यावर शेजाऱ्यांकडे आपण स्वतः जावे, ही आमची विनंती आहे. पाडकाम कोणत्या दिवशी सुरू होणार, रेती-गिट्टी कुठे पडणार आणि बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाण्याइतकी वाट मोकळी राहील की नाही, हे घरमालकाने सांगितलेले बरे. मिस्त्रीकडून गेलेल्या निरोपाला तो मान नसतो. त्यानंतर आमचा माणूस शेजाऱ्यांच्या समक्ष त्यांच्या भिंतींवरील जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढतो आणि मोठ्या भेगेवर प्लास्टरची पातळ पट्टी लावतो. पट्टी तडकली तर भेग हलते आहे, हे सर्वांना दिसते आणि काम तेथेच थांबवता येते.

सर्वांत नाजूक बाब सामाईक भिंतीची असते. आपल्या घराची मयाल, म्हणजे छप्पर पेलणारी लाकडी तुळई, आणि शेजाऱ्यांची मयाल एकाच भिंतीत रोवलेली असताना जेसीबीने छप्पर ओढले, तर हिसका थेट पलीकडच्या घराला बसतो. म्हणून अशा ठिकाणी छप्पर हाताने उतरवले जाते, लाकूड भिंतीपासून थोडे अंतर राखून करवतीने कापले जाते आणि रोवलेला तुकडा तसाच ठेवला जातो. भिंत दोघांची असेल तर ती पाडली जात नाही; नव्या घराचे कॉलम आपल्या हद्दीत, तिच्यापासून सुटे उभे केले जातात. आजवर घराच्या आत असलेली तिची बाजू आता उघड्यावर येते, आणि विदर्भात जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की मातीची उघडी भिंत ढासळायला वेळ लागत नाही, म्हणून तिचा गिलावा, निदान ताडपत्रीचे आच्छादन, पावसाआधी झालेच पाहिजे. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला असतो. तो कमी करण्याचा आग्रह कृपया धरू नये.

पाया खोदताना शेजारच्या भिंतीलगत सलग चर न घेता लहान लहान टप्पे खोदून, एक भरल्यावरच पुढचा उघडला जातो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे उघड्या खड्ड्यात पाणी साचू देणे धोक्याचे असते. हीच काळजी स्लॅबवर पाणी मारताना घ्यावी लागते. कोरड्या, उष्ण हवेत सिमेंटच्या प्रकाराप्रमाणे किमान १० ते १४ दिवस स्लॅब ओला ठेवावा लागतो. ते पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीत मुरू नये म्हणून स्लॅबवर पाणी अडवण्यासाठी केलेल्या आळ्यांचा उतार आपल्याच अंगणाकडे ठेवला जातो. टिल्लू पंप लावून पाइप सोडून देणे मात्र घरच्या मंडळींनी टाळावे.

धुळीसाठी हिरवी जाळी लावली जाते, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. भिंत पाडण्यापूर्वी भिजवणे अधिक उपयोगी पडते. शेजाऱ्यांच्या ओसरीत भावाची वाट पाहत कापूस साठवलेला असेल किंवा माळवदावर कुरडया-पापड वाळत असतील, तर दिवस विचारूनच पाडकाम करावे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत. असे पत्रे न फोडता, ओले करून, अखंड उतरवले जातात.

आवाजाच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गावात नऊलाच निजानीज होत असल्याने आमचे फोडकामाचे यंत्र, म्हणजे ब्रेकर, सायंकाळी सहानंतर चालत नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार काम बंद असते. त्यात मजुरांची आणि शेजाऱ्यांची, दोघांचीही सोय होते. दहावी-बारावीच्या परीक्षा असल्यास ब्रेकरची वेळ त्या घराला विचारून ठरवली जाते.

जुन्या भिंतींतून विंचू-साप निघतात, तेव्हा पाडकामाच्या दिवशी शेजारच्या लहान मुलांना दूर ठेवण्यास सांगावे.

पाडलेली माती शेतकरी शेतात नेतात, परंतु सिमेंट, काच आणि खिळे वेगळे काढल्याशिवाय ती देऊ नये. उरलेला मलबा नाल्यात न टाकता ग्रामपंचायत दाखवील त्या जागी नेला जातो. शेवटी तेच जुने फोटो हाती घेऊन शेजाऱ्यांसह भिंतींची पुन्हा पाहणी होते. आमच्या कामामुळे नवी भेग पडली असल्यास ती बुजवून झाल्यावरच आपण आम्हाला शेवटचा हप्ता द्यावा.