उचललेल्या जिप्सीत आधी काय टेकतं: रबर की शॉकअप?

मारुती जिप्सीला चारही चाकांवर कमानपाटे (लीफ स्प्रिंग) आणि पुढे-मागे अखंड एक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच दांडा. त्यामुळे तिची उंची वाढवणं सोपं. जास्त कमानीचे पाटे घातले की बॉडी 50 मिलिमीटर वर जाते. मग जुने शॉकअप, म्हणजे तेलाच्या नळीत दांडी सरकून चाकाची उसळी शमवणारे धक्काशोषक, आखूड पडतात, म्हणून लांब घेतले जातात. घोळ होतो तो इथे.

गाडी उभी असताना उंच दिसते, पण दगडावर चढलेलं चाक वर दाबलं गेलं की एक्सल पूर्वीइतकाच चासीजवळ, म्हणजे गाडीच्या सांगाड्याजवळ पोचू शकतो. त्याला अडवणारा रबरी बंप स्टॉप जिथल्या तिथेच असतो ना! आणि लांब शॉकअप मिटल्यावरही लांबच राहतो, कारण लांब दांडी पोटात घ्यायला नळीही तेवढीच लांब लागते.

समजा, रबर पूर्ण दबल्यावर शॉकअपच्या दोन टोकांच्या बुशांमध्ये (जोडाच्या रबरी कड्यांमध्ये) 300 मिलिमीटर अंतर उरतं, आणि नवा शॉकअप 340 च्या खाली मिटतच नाही. म्हणजे रबराचं काम पुरं व्हायच्या 40 मिलिमीटर आधीच दांडीच्या टोकाचा पिस्टन नळीच्या तळाच्या व्हॉल्व्हवर आदळणार. धक्क्यातली ऊर्जा तीच, पण ती जिरवायला रबर 40 मिलिमीटर देत असेल आणि लोखंड जेमतेम 2, तर सरासरी बल वीसपट होतं. दांडी वाकते, सील फुटून तेल गळतं, कधी चासीवरचा ब्रॅकेटच उखडतो.

उपाय म्हणजे बंप स्टॉपखाली ठोकळा. 40 अधिक 15 मोकळे, असा 55 चा? शॉकअप उभा असेल तरच. तो 30 अंश कललेला असेल, तर एक्सल 1 मिलिमीटर हलल्यावर शॉकअप सुमारे 0.87 च मिटतो, म्हणून ठोकळा 63 चा लागतो. आता हिशेब बघा: 50 ने उचललं आणि 63 परत दिले! चाकाला वर यायला मूळच्यापेक्षाही कमी जागा उरली. म्हणून मी तरी शॉकअप निवडताना आधी त्याची मिटलेली लांबी बघतो, उघडलेली नंतर.

मोजमाप सपाट जमिनीवर पुरत नाही. एकच चाक चढलं की एक्सल तिरका होतो, आणि शॉकअप बंप स्टॉपच्या बाहेरच्या बाजूला, चाकाकडे असेल तर तो रबरापेक्षा जास्त मिटतो. तेव्हा एक चाक उंच रॅम्पवर चढवून तिथेच टेप लावावी. त्याच वेळी लोंबणाऱ्या चाकाकडे ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही पाहावं.

दांडी उघडी असेल तर तिच्यावर, नळीच्या तोंडाला टेकवून, एक केबल टाय घट्ट आवळा आणि वाईट रस्त्यावर फिरून या. दांडी आत जाताना नळी टायला वर ढकलते आणि तो तिथेच राहतो. शॉकअप पूर्ण मिटल्यावरही थोडी दांडी बाहेर राहू शकते; टायच्या वर त्याहून जेवढी जास्त दांडी उरली असेल, तेवढी वाट शिल्लक आहे. टाय पूर्ण मिटलेल्या जागेपर्यंत पोचलेला दिसला, तर ठोकळा कमी पडला.