खऱ्या माणसांवर बेतलेली पात्रे (कायदा)

कथा, कादंबरी, नाटक किंवा वेबमालिकेतले पात्र खऱ्या माणसावर बेतले आणि लोकांनी त्याला ओळखले, तर लेखक व प्रकाशकावर येऊ शकणारी कायदेशीर जबाबदारी. भारतात तिचा मुख्य आधार अब्रुनुकसानी. त्याखालोखाल खासगीपणाचा हक्क.

नाव बदलले की सुटलो, हा समज खानदेशातल्या लेखकाला महागात पडू शकतो. रावेर-यावल पट्ट्यातला केळीचा व्यापारी रंगवला, त्याला लंगडा पाय आणि वजनकाट्याशेजारचे घर दिले, की आडनाव काहीही ठेवा, गाव त्याला चौथ्या पानावर ओळखते. बोलीही चुगली करते: पात्र ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणाले की ते अहिराणीच्या मुलखातले, धुळे-अमळनेरकडचे. मग ओळख पुसायची म्हणून लेखक व्यापाऱ्याला मापात पाप करणारा दाखवतो. हे सर्वांत वाईट. माणूस ओळखू येतोच, वर आरोपही खोटा ठरतो.

‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ ढाल नव्हे. १९३४ साली लंडनमध्ये रशियन राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी एमजीएम या चित्रपट कंपनीविरुद्धचा खटला जिंकला, तेव्हा पडद्यावरच्या पात्राचे नाव नताशा होते; तरी त्या पात्रात ओळखल्या गेल्या त्या इरिनाच.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड विधानाची कलमे ४९९-५००) दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा होऊ शकते. गुन्हा अदखलपात्र, बदनामी झालेल्याने दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करायची. भरपाईचा दिवाणी दावा एका वर्षात लावावा लागतो. दिवाणीत सत्य हा पुरेसा बचाव आहे, फौजदारीत सोबत लोकहितही दाखवावे लागते. लेखकाची खरी पंचाईत इथे होते: प्रस्तावनेत ‘सगळे काल्पनिक’ म्हणून झालेले असते आणि कोर्टात ‘सगळे खरे’ म्हणायची वेळ येते.

सार्वजनिक नोंदींत, म्हणजे न्यायालयाच्या निकालांसारख्या कागदांत, आलेल्या मजकुराला खासगीपणाचा अडसर सहसा नसतो. राजगोपाल खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख मात्र त्यातून वगळलेली आहे.

वारलेल्या माणसाबद्दल लिहिणेही निर्धास्त नाही. घरच्यांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिले असेल, तर तीही अब्रुनुकसानी ठरते. आणि भाऊबंदकीत बांधाचा वाद आधीच चालू असेल, तर तो हेतू दाखवायला पुतण्याला फार शोधावे लागत नाही.